किमती एका रात्रीत सुटल्या, थकबाकी सुटायला वर्षे लागली

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोलंडने १ जानेवारी १९९० रोजी आणि रशियाने २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक किमतींवरील सरकारी नियंत्रण उठवले, अनुदानांना कात्री लावली आणि परकीय व्यापार खुला करायला सुरुवात केली. औषध जवळपास एकच होते, तरी पोलंडची अर्थव्यवस्था १९९२ मध्येच वाढू लागली आणि रशियाची १९९८ पर्यंत जवळजवळ सलग आक्रसत गेली, ती का? पोलंडने हळू पावले टाकली आणि रशियाने घाई केली, एवढेच याचे कारण आहे का? विचारणारे अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत आणि ‘झटका की सावकाशी’ या वादातल्या दोन्ही बाजू त्यांनी वाचलेल्या आहेत, त्यामुळे त्या वादाची उजळणी करत नाही. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. १९९३ ते १९९६ या काळात पोलंडमध्ये आणि पुढे २००० पर्यंत रशियात, अडचणीतल्या कारखान्यांची येणी-देणी तपासून त्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या पथकांत मी काम केले. म्हणून माझे उत्तर खतावणीच्या पानांवरून येते, आणि त्याची मर्यादाही तीच आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. किमती मोकळ्या करणे हे तुलनेने सोपे काम होते. एका सहीने आणि एका रात्रीत ते झाले. अवघड काम होते ते, ज्याने माल उचलला त्याला त्याचे पैसे द्यावे लागतील आणि न दिल्यास त्याचे काहीतरी होईल, ही गोष्ट खरी करण्याचे. पोलंडने हे काम १९९० ते १९९४ या काळात, बरेच वेदनादायक मार्ग पत्करून, केले. रशियात ते १९९८ च्या पडझडीपर्यंत झालेच नाही. घाई आणि सावकाशी यांपेक्षा हा फरक मला कितीतरी मोठा वाटतो.

घाईचा आरोप आधी निकालात काढू, कारण आकडे त्याच्या उलट बोलतात. मोठ्या सरकारी कारखान्यांच्या खाजगीकरणात पोलंड अतिशय सावकाश होता. ५१२ कारखाने पंधरा राष्ट्रीय गुंतवणूक निधींकडे सोपवण्याची त्यांची सार्वत्रिक योजना वर्षानुवर्षे संसदेत रेंगाळली आणि १९९५ च्या अखेरीस प्रत्यक्षात आली. याउलट रशियाने १ ऑक्टोबर १९९२ पासून दहा हजार रूबल दर्शनी किमतीची खाजगीकरण प्रमाणपत्रे, म्हणजे व्हाउचर, वाटायला घेतली, ती १४ कोटींहून अधिक नागरिकांना दिली, आणि १९९४ च्या मध्यापर्यंत सुमारे पंधरा हजार मध्यम व मोठे कारखाने त्या मार्गाने खाजगी झाले. मालकीच्या कागदांपुरते पाहिले तर रशिया पोलंडच्या कितीतरी पुढे होता. किमतींच्या बाबतीत मात्र उलट स्थिती होती : पोलंडने जवळजवळ सगळ्या किमती सोडल्या आणि रशियाने तेल व वायू यांच्या देशांतर्गत किमती बांधून ठेवल्या. १९९२ मध्ये रशियातील तेलाचा दर जागतिक दराच्या अगदी क्षुल्लक अंशाइतका होता. निर्यातीचा परवाना ज्याच्या हाती आला त्याने तो फरक खिशात घातला. रशियातील पहिल्या मोठ्या संपत्त्यांपैकी बऱ्याच या फरकातून उभ्या राहिल्या, आणि हा फरक अर्धवट सुधारणेतून जन्मला होता, घाईतून नव्हे.

आता थकबाकीकडे वळतो, आणि त्यासाठी जुनी व्यवस्था कशी चालत असे ते सांगणे भाग आहे. नियोजित अर्थव्यवस्थेत कारखान्याजवळ दोन प्रकारचे पैसे असत. एक रोख, जी फक्त पगार वाटण्यापुरती बँकेतून मिळे. आणि दुसरे निव्वळ खात्यावरचे, ज्याने कच्चा माल, वीज, वाहतूक यांचा हिशेब एका सरकारी बँकेच्या वहीत आपोआप इकडचा तिकडे होई. खात्यावरचे पैसे रोखीत बदलता येत नसत. माल नियोजन मंडळाच्या आदेशाने येई, पैसे केवळ त्याच्या मागून सावलीसारखे फिरत. अशा जगात ‘ग्राहकाची पत’ ही कल्पनाच नव्हती. विक्री विभाग म्हणजे माल रवाना करणारा विभाग, आणि वसुली विभाग अस्तित्वात असण्याचे कारणच नव्हते. कारखाना तोट्यात गेला तरी मंत्रालय तो भरून काढी. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाय यांनी याला मऊ अंदाजपत्रकी मर्यादा असे नाव दिले. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य सरकारने दिलेली थकहमी आणि पुढे ती सरकारच्या तिजोरीतून भरावी लागण्याची प्रकरणे आपल्या परिचयाची आहेत. फरक इतकाच, की तिकडे संपूर्ण देशातील प्रत्येक उद्योगाला अशी न लिहिलेली थकहमी होती.

किमती सुटल्या त्या दिवशी ही थकहमी कागदावर संपली, लोकांच्या मनातून संपली नाही. पोलंडमध्ये जानेवारी १९९० या एका महिन्यात किमती सुमारे ८० टक्क्यांनी वाढल्या, आणि रशियात जानेवारी १९९२ मध्ये सुमारे अडीचशे टक्क्यांनी. कारखान्यांचे खेळते भांडवल वितळून गेले. दोन्ही देशांतल्या संचालकांनी तेव्हा एकच गोष्ट केली : माल पाठवत राहिले आणि एकमेकांची बिले थकवत राहिले. सरकार शेवटी काहीतरी करेलच, असा त्यांचा हिशेब होता, आणि गेल्या चाळीस किंवा सत्तर वर्षांचा अनुभव पाहता तो मुळीच मूर्खपणाचा नव्हता.

दोन देशांच्या वाटा फुटल्या त्या इथे. रशियातील बँकांत पैशाअभावी न वटलेले देयक-आदेश एका वेगळ्या पेटीत ठेवत, तिला ‘कार्तोतेका क्रमांक दोन’ म्हणत. १९९२ च्या पहिल्या सहा महिन्यांत ही पेटी इतकी फुगली की जुलैपर्यंत उद्योगांची एकमेकांकडील थकबाकी ३ लाख कोटी रूबलच्या पुढे गेली. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेची सूत्रे व्हिक्तर गेराश्चेंको यांच्याकडे आली. किमतींच्या मानाने पैसा कमी पडतो आहे, तो पुरवला की थकबाकी सुटेल, असे त्यांचे मत होते. त्या उन्हाळ्यात देशभरातील देणी-येणी परस्परांत वळती करून घेण्यात आली आणि उरलेल्या तुटीसाठी नवे कर्ज सोडण्यात आले. हिशेबाच्या दृष्टीने ते नीटनेटके दिसले असेल, पण प्रत्येक संचालकाला त्यातून जो धडा मिळाला तो स्पष्ट होता : ज्याने उधारी जपून दिली तो मूर्ख ठरला आणि ज्याने बेफिकीरपणे थकवली त्याची पाटी सरकारने पुसून दिली. त्यातच रूबल हे चलन अजून सोव्हिएत संघातून फुटलेल्या अनेक देशांत चालू होते आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकाही रूबलमध्ये कर्ज देत होत्या. त्या वर्षी रशियातील किमती सुमारे सव्वीस पटींनी वाढल्या. या सुधारणांचे सूत्रधार आणि काळजीवाहू पंतप्रधान येगोर गायदार डिसेंबरमध्ये पायउतार झाले.

पोलंडच्या अर्थमंत्र्यांनी, लेशेक बाल्त्सेरोविच यांनी, अशी सरसकट वजावट केली नाही. १९९० मध्ये सरकारी उद्योगांचे उत्पादन सुमारे पाव हिश्श्याने घटले, संचालकांची शिष्टमंडळे वॉर्साला चकरा मारत होती, आणि तरीही अनुदाने परत आली नाहीत. झ्वॉटी या पोलिश चलनाचा दर डॉलरला ९५०० असा बांधला होता आणि तो मे १९९१ पर्यंत टिकवला. त्याच्या पाठीशी पाश्चात्त्य देशांनी एक अब्ज डॉलरचा निधी उभा केला होता, ज्याला हात लावण्याची वेळ आली नाही. पगारांवर एक विलक्षण कर होता, त्याला कामगार ‘पोपिवेक’ म्हणत. सरकारी कारखान्याने ठरलेल्या मर्यादेपेक्षा पगारबिल वाढवले, तर मर्यादा किती ओलांडली त्यानुसार जादा रकमेच्या पाचपटीपर्यंत कर भरावा लागे. हा कर अत्यंत अप्रिय होता आणि अन्यायकारकही होता, कारण चांगला चालणारा कारखानाही त्यात भरडला जाई. परंतु कारखान्यात जी काही रोकड येत होती ती पगारात वाहून जाण्यापासून त्याने वाचवली, आणि ज्या काळात मालक कोण हेच ठरलेले नव्हते त्या काळात दुसरा कोणता उपाय चालला असता, हे मला आजही सुचत नाही.

एवढ्याने थकबाकी सुटली नाही. ती उद्योगांकडून बँकांकडे सरकली. पोलंडच्या राष्ट्रीय बँकेतून १९८९ मध्ये नऊ व्यापारी बँका वेगळ्या काढल्या होत्या आणि त्यांच्या वाट्याला जुन्या मोठ्या ऋणकोंची खाती आली होती. पहिली दोन वर्षे त्यांनी ती कर्जे नवे-जुने करण्यात घालवली. व्याज थकले की ते मुद्दलात घालायचे आणि नव्या तारखेचे कर्ज दाखवायचे. सहकारी बँकांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. १९९२ पर्यंत या बँकांचे ताळेबंद पोखरलेले होते.

फेब्रुवारी १९९३ मध्ये संमत झालेला उद्योग व बँकांच्या आर्थिक पुनर्रचनेचा कायदा हा माझ्या मते पोलंडच्या संक्रमणातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. बाल्त्सेरोविच तोवर सरकारबाहेर पडले होते. कायदा त्यांच्या नावावर नाही आणि कदाचित म्हणूनच फारसा कोणाला ठाऊक नाही. नऊपैकी सात बँकांना सरकारने रोख्यांच्या रूपाने नवे भांडवल दिले. ते किती द्यायचे हे १९९१ च्या अखेरीस असलेल्या बुडीत कर्जांवरून ठरले, जेणेकरून त्यानंतर केलेल्या बेपर्वाईचे बक्षीस कोणालाही मिळू नये. त्याच्या बदल्यात प्रत्येक बँकेने वसुलीचा स्वतंत्र विभाग काढायचा, आणि मार्च १९९४ च्या अखेरपर्यंत यादीतील प्रत्येक बुडीत खात्याचा काहीतरी निकाल लावायचा होता : ऋणकोने नियमित फेड सुरू करावी, नाहीतर त्याच्याशी तडजोडीचा करार व्हावा, नाहीतर कर्ज विकावे, नाहीतर दिवाळखोरी किंवा अवसायन. काहीच न करणे हा पर्याय ठेवलेला नव्हता. करार झाल्याखेरीज त्या ऋणकोला नवे कर्ज देण्यासही मनाई होती. निम्म्याहून अधिक रकमेच्या धनकोंनी करार मान्य केला की तो बाकीच्यांवर बंधनकारक होई. न्यायालयांची क्षमता तेव्हा इतकी तोकडी होती की ही जबाबदारी बँकेकडे देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

अशा एका करारात मी बसलो होतो. दक्षिण पोलंडमधील, खाणकामाची यंत्रे बनवणारा तो कारखाना होता. नाव देत नाही. बैठक कारखान्याच्या भोजनगृहात झाली, कारण चाळीसेक धनको बसतील अशी दुसरी जागा तिथे नव्हती. पोलाद पुरवणारे, वीज कंपनी, सामाजिक विमा कार्यालय, रेल्वे, आणि एका टोकाला लाकडी खोकी बनवून देणारा एक खाजगी सुतार, ज्याचे येणे सर्वांत कमी होते आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त निकड होती. बँकेच्या बाजूने आलेली अधिकारी तिशीच्या आतली होती. तिने संचालकांना एकच प्रश्न विचारला : तुमच्या येण्यांपैकी कोणती खरोखर येणार आहेत? संचालक पंचवीस वर्षे त्या जागी होते आणि आपल्या कामात अतिशय निष्णात होते. त्यांनी पुठ्ठ्याच्या खातेपत्रांचा गठ्ठा पुढे केला आणि मनापासून सांगितले, की सगळीच येतील, ऋणको सरकारी खाणी आहेत. आम्ही दोन दिवस बसून एकेक खातेपत्र पाहिले. निम्म्याहून जास्त रक्कम अशा खाणींकडे होती ज्यांची स्वतःची देणी त्याहून मोठी होती. तो गठ्ठा दोन ढिगांत विभागला गेला तेव्हा संचालक बराच वेळ लहान ढिगाकडे बघत राहिले. त्यांचा कारखाना नफ्यात आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

करारात देण्यांचा काही भाग माफ झाला, काहीचे समभाग झाले, बाल्टिक किनाऱ्यावरचे कामगारांचे विश्रामगृह विकले गेले, बालवाडी नगरपालिकेकडे गेली आणि सुमारे एक तृतीयांश कामगार कमी झाले. त्या शेवटच्या कलमावर झालेली चर्चा मी विसरू शकत नाही. मी परळचा, १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव पाहत वाढलेला, आणि त्या टेबलावर मी कामगारांच्या बाजूला नव्हतो. पण पुढच्या वर्षी त्या कारखान्यात गेलो तेव्हा विक्री विभागाच्या दारावर टंकलिखित सूचना होती, की जुनी बाकी असणाऱ्यांना माल आगाऊ रक्कम भरल्यावरच मिळेल. सामान्य दुकानदाराला जी गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही ती शिकायला त्या कारखान्याला चार वर्षे लागली होती.

सुताराविषयी दोन शब्द, कारण पोलंडच्या यशातला मोठा वाटा त्याच्यासारख्यांचा आहे. शेवटच्या कम्युनिस्ट सरकारनेच डिसेंबर १९८८ मध्ये, मंत्री मिएचिस्वाव्ह विल्चेक यांच्या पुढाकाराने, कोणालाही कोणताही व्यवसाय सुरू करण्याची मुभा देणारा कायदा केला होता. १९९० मध्ये वॉर्साच्या पदपथांवर लोक लष्करी घडीच्या खाटा उघडून त्यावर माल मांडून बसत. पुढे पत्र्याच्या टपऱ्या आल्या, त्यांना त्यांच्या उघडमिटीवरून ‘श्चेंकी’, म्हणजे जबडे, म्हणत. या लोकांकडे पहिल्या दिवसापासून मर्यादा कठोर होती : विकले नाही तर संध्याकाळी जेवण नाही. मोठ्या कारखान्यांचे खाजगीकरण अडकलेले असतानाही नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातील निम्म्याहून अधिक रोजगार खाजगी क्षेत्रात होता तो यांच्यामुळे. मोठ्या कारखान्यातून बाहेर पडलेली लेथ, गोदामे आणि फोरमन हे सगळे या छोट्या व्यावसायिकांनीच घेतले. रशियातही फेरीवाले आले, पण तिथे परवाने, खंडणी आणि महागाई यांनी त्यांची वाढ खुंटवली.

१९९६ मध्ये मी रशियात गेलो तेव्हा उरल भागातील एका कारखान्याच्या मुख्य लेखापाल बाईंनी मला त्यांची पद्धत समजावली. तिकडे या पदाला ‘ग्लाव्हबुख’ म्हणतात आणि त्या व्यक्तीचा अधिकार आपल्याकडच्या हिशेबनिसापेक्षा फार मोठा असतो. त्यांनी एका कागदावर वर्तुळ काढले. कारखाना वीज कंपनीचे देणे लागतो. वीज कंपनी वायू कंपनीचे देणे लागते. वायू कंपनीने कर थकवला आहे. सरकारने रेल्वेचे पैसे थकवले आहेत. रेल्वेला या कारखान्याचे सुटे भाग हवे आहेत. म्हणून सुटे भाग रेल्वेकडे जातात आणि वर्तुळातल्या सगळ्यांची देणी एकदम फिटतात. याला ‘झाच्योत’ म्हणत, म्हणजे वजावट. जिथे वर्तुळ पुरे होत नसे तिथे ‘वेक्सेल’ नावाच्या हुंड्या फिरत. बाई अतिशय कुशल होत्या; तेरा-तेरा पक्षांची वर्तुळे त्या जुळवून आणत. मी त्यांना विचारले की हे सुटे भाग रोखीने विकले असते तर काय भाव आला असता. त्यांनी न संकोचता दुसऱ्या स्तंभाकडे बोट दाखवले. तो भाव पुस्तकी भावाच्या दोनतृतीयांश होता. म्हणजे पुस्तकी विक्री, पुस्तकी नफा आणि पुस्तकी कर हे सगळे फुगवलेले होते, आणि खरी रोकड इतकी कमी होती की पगार चार महिने थकले होते.

हा त्या एका कारखान्याचा दोष नव्हता. १९९८ पर्यंत रशियातील औद्योगिक विक्रीपैकी निम्मी विक्री अशा वस्तुविनिमयाने होत होती. कामगारांना पगाराऐवजी स्वतःच्याच कारखान्याचा माल दिला जाई. गूस-ख्रुस्ताल्नी या काचकामाच्या गावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला माणसे स्फटिकाचे पेले आणि फुलदाण्या मांडून बसलेली मी पाहिली आहेत, आणि थंडीत तासभर थांबूनही फार गाड्या थांबत नसत. असे का चालले? कारण प्रत्येकाला ते त्या क्षणी सोयीचे होते. वायू आणि वीज कंपन्यांना जोडणी तोडायला स्थानिक सत्ताधीश परवानगी देत नसत, त्याबदल्यात त्यांचा थकलेला कर सोसला जाई. प्रांताचा कारभार पाहणाऱ्या राज्यपालांना गावातला एकमेव कारखाना बंद पडायला नको होता. केंद्र सरकार पैसे छापणे थांबवून अल्पमुदतीचे रोखे विकत होते, आणि १९९६ च्या निवडणुकीपूर्वी त्या रोख्यांवरचा वार्षिक परतावा १०० टक्क्यांच्या वर गेला होता. ज्या बँकेला सरकारकडून इतके मिळते ती कारखान्याला कर्ज कशाला देईल? म्हणजे महागाईवर उपाय केला गेला, पण थकबाकीवर नाही, आणि अनुदान अर्थसंकल्पातून हद्दपार होऊन बिलांच्या मागे लपून बसले.

मालकीचेही तसेच. व्हाउचर योजनेत बहुसंख्य कारखान्यांनी असा पर्याय निवडला ज्यात ५१ टक्के समभाग तिथल्या कामगार-व्यवस्थापकांना मिळत. प्रत्यक्षात जुना संचालकच मालक झाला, आणि त्याला जाब विचारणारी बँक, धनको किंवा न्यायालय यांपैकी काहीच नव्हते. पोलंडमध्ये मालक नव्हता, पण १९८१ पासूनची कामगार परिषद संचालकाला काढू शकत असे आणि ती डोळ्यांत तेल घालून पाहत असे. मालमत्ता गुपचूप बाहेर नेणे तिथे सोपे नव्हते. १९९५ च्या अखेरीस रशियन सरकारने कर्जाच्या बदल्यात मोठ्या कंपन्यांचे समभाग बँकांकडे तारण ठेवले. नोरिल्स्क निकेल या धातूच्या कंपनीचे ३८ टक्के समभाग १७ कोटी डॉलरच्या आसपासच्या कर्जासाठी गेले, आणि लिलाव घेणारी व तो जिंकणारी बाजू एकच होती. यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि संताप रास्त आहे, पण माझ्या मते तो रोगाचा परिणाम आहे. जिथे देणे न देण्याची शिक्षा नाही तिथे मालमत्ता बळकावणे हाच सर्वांत फायद्याचा धंदा ठरतो.

इतके सांगितल्यावर पोलंडच्या बाजूने झुकणारे पारडे थोडे सरळ करायला हवे. पोलंडला बाहेरून जी मदत मिळाली ती रशियाला मिळाली नाही : १९९१ मध्ये पॅरिस क्लब या धनको देशांच्या गटाने त्याचे सरकारी कर्ज जवळजवळ निम्म्याने माफ करण्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय समुदायाशी सहयोग करार झाल्यामुळे कायदे कोणत्या दिशेने बदलायचे याविषयी पक्षांमध्ये वाद उरला नाही. रशिया त्याच वेळी एका राज्याचे पंधरा तुकडे होताना सावरत होता, एका कारखान्यावर जगणारी शेकडो गावे त्याच्याकडे होती, आणि लष्करी उद्योगाचा भार प्रचंड होता. पोलंडचे यशही कोणालाच महागात पडले नाही असे नाही. सरकारी शेतीसंस्था मोडल्या तेव्हा उत्तर व पश्चिमेकडील खेड्यांत संपूर्ण वस्त्या एका हंगामात बेरोजगार झाल्या. वूच या कापडगिरण्यांच्या शहरातील बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या कामगारांनी, १९९१ पासून सोव्हिएत व्यवहार डॉलरमध्ये गेल्यावर, मागणी काही महिन्यांत आटताना पाहिली. १९९३ च्या अखेरीस बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर होती, आणि १९९३ च्या निवडणुकीत मतदारांनी जुन्या कम्युनिस्टांच्या वारसांना निवडून दिले. उल्लेखनीय म्हणजे त्या सरकारनेही पुनर्रचनेचा कायदा मागे घेतला नाही.

तरीही दोन्हीकडच्या वेदना सारख्या होत्या असे मी म्हणणार नाही. रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये सुमारे ६४ वर्षे होते, ते १९९४ पर्यंत ५८ च्याही खाली आले. थकलेला पगार, वितळलेली बचत आणि उद्या काय होईल याचा कोणताही अंदाज नसणे, यांचा त्यात किती वाटा आहे हे मी लेखापाल म्हणून सांगू शकत नाही. पण चार महिने पगार नाही आणि तरी नोकरी आहे, ही अवस्था बेरोजगारीपेक्षा सौम्य आहे असे जे म्हटले जाई, त्यावर माझा विश्वास बसला नाही. बेरोजगाराला निदान भत्ता मिळे आणि दुसरे काम शोधण्याची मोकळीक असे.

१७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियाने रोख्यांची परतफेड थांबवली आणि रूबल सोडून दिला. डॉलरला सहाच्या आसपास असलेला दर काही महिन्यांत वीसच्या पुढे गेला. आमचे काम सांगणाऱ्या संस्थेने पथक परत बोलावण्याची तयारी केली, आणि नेमके तेव्हाच जे आम्ही दोन वर्षांहून अधिक काळ सुचवत होतो ते आपोआप घडू लागले. आयात महाग झाल्याने देशी मालाला गिऱ्हाईक आले, सरकारी रोख्यांतली सोपी कमाई संपल्याने रोकड कारखान्यांकडे वळली, आणि वीज कंपनी रोखीने पैसे मागू लागली व न दिल्यास खरोखर वीज तोडू लागली. दोन-तीन वर्षांत वस्तुविनिमय झपाट्याने घटला. तेलाच्या वाढत्या किमतींनी पुढची वाढ दिली हे खरे, पण १९९९ ची सुरुवात त्याआधीची होती. त्याच वेळी आलेल्या नव्या दिवाळखोरी कायद्याचा मात्र विपरीत उपयोग झाला. छोटे देणे विकत घेऊन चांगला चालणारा कारखाना दिवाळखोर ठरवायचा आणि आपल्या माणसाला प्रशासक नेमून तो ताब्यात घ्यायचा, अशी प्रकरणे मी जवळून पाहिली. पोलंडमध्ये कायद्याआधी बँकेत काम करणारी माणसे तयार झाली होती. रशियात कायदा आधी आला.

तुम्ही शेवटी विचारले आहे, की क्युबासारख्या देशात उद्या असे परिवर्तन झाले तर कोणता आकडा आधी पाहावा. महागाईचा दर आणि खाजगीकरण झालेल्या कंपन्यांची संख्या हे दोन आकडे सगळेच छापतील. माझ्या सवयीप्रमाणे मी आणखी दोन मागेन : उद्योगांच्या एकूण विक्रीपैकी किती रक्कम प्रत्यक्ष पैशाने वसूल झाली, आणि नव्वद दिवसांहून जुनी येणी किती आहेत. हंगेरीने १९९२ मध्ये तर हीच मुदत कायद्यात घातली होती. देणे नव्वद दिवस थकले की संचालकाने स्वतःहून न्यायालयात जायचे. हजारो अर्ज एकदम आले, न्यायालये तुंबली आणि पुढच्याच वर्षी ती सक्ती मागे घ्यावी लागली. ते फार कठोर झाले असे मलाही वाटते, पण त्या अर्जांमुळे देशात कोण कोणाचे किती लागतो याची पहिली खरी यादी तयार झाली. उरलमधल्या त्या बाईंकडे अशी यादी होती, ती त्यांच्या डोक्यात होती, आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याला ती पुन्हा करायला आठ महिने लागले.